थांबलेल्या माणसाचा रकाना : फ्रुइनची पट्टी आणि आपली स्टेशनं

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादर पश्चिमेला, संध्याकाळी सहा ते आठ, वरून रस्ता दिसेल अशा जागी उभी राहून मी फोनवर टाइम-लॅप्स घेत होते. पीएचडीची पहिलीच मोजणी, त्यामुळे उत्साह भरपूर. घरी येऊन कोड लिहिला. फ्रेममधल्या प्रत्येक ठिपक्याला दोनपैकी एक लेबल द्यायचं : 'चालणारा' किंवा 'अडथळा'. दहा सेकंदांत जो ठिपका अर्धा मीटरही हलला नाही, तो अडथळा. मग हीट मॅप काढला आणि तो सुंदर दिसत होता. एका कोपऱ्यात तर इतका लालभडक डाग, की मला वाटलं संशोधन झालंच, आता फक्त लिहायचं राहिलं.

मॅडमना दाखवला. त्यांनी डागावर बोट ठेवून विचारलं, "हे काय गं?"

"अडथळा आहे, मॅडम."

"कुणाला?"

उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. तिथे एक बाई निवडलेली मेथी, सोललेले मटार आणि चिरलेली फरसबी घेऊन बसते. ऑफिसातून परतणाऱ्या बायका तिच्यापाशी मिनिटभर थांबतात, पिशवी घेतात आणि गाडी पकडायला जिन्याकडे वळतात. माझ्या कोडने या सगळ्या जणींना आणि त्या भाजीवालीला एकाच लेबलाखाली टाकलं होतं.

ते लेबल माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं, पुस्तकातून आलं होतं. स्टेशन परिसरावर काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला ज्या पुस्तकाच्या अंगणातून जावं लागतं, ते म्हणजे जॉन फ्रुइन यांचं १९७१ सालचं 'पेडेस्ट्रियन प्लॅनिंग अँड डिझाइन'. तुमच्यापैकी जे नेट-पेटच्या फेऱ्यांतून बाहेर पडून सिनॉप्सिसच्या फेऱ्यात शिरणार आहेत, त्यांच्यासाठी हे त्या पुस्तकाचं, आणि आपण त्याचं जे काय केलं त्याचं, वाचन. टीका आहे, पण आधी कौतुक, कारण ते रास्त आहे.

फ्रुइन न्यूयॉर्कच्या पोर्ट ऑथॉरिटीत इंजिनिअर होते. पुस्तकाच्या मुळाशी त्यांचा स्वतःचा पीएचडीचा प्रबंध आहे. १९७० च्या आसपास शहरात मोजली जायची ती वाहनं. १९६५ च्या अमेरिकन हायवे कपॅसिटी मॅन्युअलमध्ये रस्त्यांना अ ते फ दर्जे देणारी 'लेव्हल ऑफ सर्व्हिस' ही कल्पना आली होती : 'ए' म्हणजे गाडी सुसाट, 'एफ' म्हणजे कोंडी. फ्रुइननी ती उचलून पायी चालणाऱ्या माणसाला लावली. त्यासाठी बस टर्मिनलांत कॅमेरे लावून लोक चालतात कसे, एकमेकांना ओलांडतात कसे, जिन्यावर वेग किती मंदावतो, हे फ्रेम-फ्रेम पाहिलं. माणसाच्या देहाची जागा म्हणून साधारण ४५ बाय ६० सेंटिमीटरचा लंबगोल धरला. मग दर माणसामागे किती जागा, यावर दर्जे ठरवले. चालायच्या वाटेवर माणशी सव्वातीन चौरस मीटरच्या वर जागा असेल तर 'ए', साधारण ०.४६ चौरस मीटरच्या खाली गेली की 'एफ'. जिन्यांची पट्टी वेगळी, रांगेत उभं राहण्याची वेगळी.

पायी चालणाऱ्याला इंजिनिअरच्या तक्त्यात जागा मिळाली, ही लहान गोष्ट नाही. 'पूल अरुंद आहे' ही तक्रार झाली. 'पुलाचा दर्जा एफ आहे' म्हटलं की तो टिपणीत लिहिण्याजोगा मुद्दा होतो. आकडा असला की फाइल हलते.

आता अडचण. ही पट्टी मुंबईत आणली की पहिली गोष्ट काय होते, तर ती संपते. ०.४६ चौरस मीटर म्हणजे एका चौरस मीटरमध्ये दोनाहून थोडे जास्त लोक. गर्दीच्या वेळेला आपल्या मोठ्या स्टेशनांतला कुठला पूल याच्या आत बसतो? रांगेची पट्टी घेतली तरी तिथलं 'एफ' चौरस मीटरला पाच-साडेपाच माणसांवर सुरू होतं. आणि आपल्या लोकलसाठी रेल्वेच्या परिभाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड' असा शब्दच आहे : एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. म्हणजे पट्टी जिथे संपते तिथे आपला दिवस सुरू होतो. मी एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स केलं आहे, त्यामुळे मला हे फ्लोअर इफेक्टसारखं दिसतं. पेपर इतका अवघड काढला की सगळा वर्गच नापास. मग त्या पेपरावरून कोण जरा बरं आणि कोण अगदीच कच्चं, हे कळत नाही. दादर 'एफ', कुर्ला 'एफ', ठाणे 'एफ'. निष्कर्ष : सगळीकडे पूल रुंद करा. चूक नाही, पण एवढ्यासाठी डेटा कशाला हवा होता?

हा आक्षेप तसा सोपा आहे. तुमच्या व्हायव्हात कुणीही काढेल. मला जास्त छळणारा दुसरा आहे. लेव्हल ऑफ सर्व्हिस ही मुळात गाड्यांची कल्पना. रस्त्यात थांबलेली गाडी म्हणजे बिघडलेली गाडी, तिला क्रेनने उचलायचं. ही समजूत पट्टीबरोबरच चालत आली आणि माणसाला चिकटली. चालण्याच्या पट्टीत थांबलेल्या माणसाला स्वतःचा रकानाच नाही. तो फक्त दुसऱ्याची जागा खातो. रांगेच्या पट्टीत रकाना आहे, पण तिथेही तो पुढे सरकण्याची वाट बघणारा माणूस आहे. कुणाची तरी वाट बघणारा, पाऊस थांबायची वाट बघणारा, मटार घेणारी, मटार विकणारी, यांना दोन्हीकडे ठिकाण नाही.

याच सुमाराला, त्याच न्यूयॉर्कमध्ये, जवळपास त्याच साधनाने एक दुसरा माणूस याच्या उलट काम करत होता. विल्यम व्हाइट. १९६१ च्या नियमानुसार बिल्डरने इमारतीपुढे मोकळा चौक सोडला की त्याला जास्त मजले मिळत. चौक तर भरपूर झाले, पण बरेचसे ओसाड. का, हे शोधायला व्हाइट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टाइम-लॅप्स कॅमेरे लावले. १९८० चं 'द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस' हे छोटं पुस्तक त्यातून आलं. लोक बसतात कुठे, तर जिथे बसायला जागा आहे तिथे. हा निष्कर्ष वाचून मला आधी हसू आलं होतं. मग लक्षात आलं की हे सिद्ध करायला त्यांनी ऊन, चौकाचा आकार, क्षेत्रफळ असे किती दावेदार आधी तपासून बाजूला केले. खाण्याच्या गाड्या जागेला जिवंत ठेवतात, असंही त्यांनी दाखवलं. आणि माझं आवडतं निरीक्षण : ओळखीची दोन माणसं भेटली की गप्पा मारायला बाजूला होत नाहीत, उलट वर्दळीच्या मधोमध उभी राहतात. फ्रुइनच्या कॅमेऱ्यात ही दोघं वाट अडवणारी. व्हाइटच्या कॅमेऱ्यात, जागा चांगली असल्याची खूण.

साधन तेच, शहर तेच, काळही तोच. एकाने मोजला वेग आणि मिनिटाला जाणारी माणसं, दुसऱ्याने मोजला मुक्काम. म्हणून एकाच्या हाती रुंदीचं सूत्र लागलं आणि दुसऱ्याच्या हाती बाकाचं. 'डेटा काय सांगतो' हे वाक्य मी तेव्हापासून जरा जपून वापरते.

पण व्हाइटना डोक्यावर घेऊन नाचायची माझी तयारी नाही. त्यांचे चौक ऑफिसांपुढचे, वेळ दुपारच्या सुट्टीची, माणसं अशी की ज्यांना तिथे न येण्याची मुभा होती. दादरच्या जिन्यावरच्या माणसाला ती मुभा नाही. डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी बाहेरच्या वावराचे भाग पाडले आहेत : गरजेचा, ऐच्छिक आणि सामाजिक. आमच्या विभागातल्या बहुतेक प्रबंधांत ही विभागणी दुसऱ्या प्रकरणात येतेच येते. आता त्यात मटार घेणारी बाई बसवून बघा. ऑफिसातून घरी जाणं गरजेचं. वाटेत भाजी घेणं? घरी जाऊन पुन्हा खाली उतरायला लागू नये म्हणून ती इथे घेते. ते ऐच्छिक नाही आणि निव्वळ गरजेचा प्रवासही नाही. दोन कामं एका फेरीत बसवण्याची तिची युक्ती आहे. वाहतूकशास्त्रात याला ट्रिप चेनिंग म्हणतात. ती भाजीवाली तिथून उठवली तर रस्त्यावरचा वेग नक्की वाढेल, तो माझ्या आलेखात दिसेलही. या बाईची डोंबिवलीत किंवा विरारला उतरल्यावर वाढलेली अर्धा तासाची पायपीट मात्र कुणाच्याच आलेखात येणार नाही.

आता एल्फिन्स्टन रोड. तारीख २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदला दिवस, सकाळी साडेदहाचा सुमार. धो धो पाऊस. परळ आणि एल्फिन्स्टन रोडला जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. हे स्टेशन आता प्रभादेवी या नावाने ओळखलं जातं. त्यानंतरची पहिली मागणी पुलांची होती आणि ती योग्यच होती. लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुलाही झाला. दुसरी लाट फेरीवाल्यांवर गेली. रस्त्यावर राडे झाले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बसता येणार नाही, हे स्पष्ट केलं.

पण त्या दिवशी पुलावर थांबलं होतं कोण? पावसामुळे खाली उतरून रस्त्यावर जाता न आलेले प्रवासी. मागून गाड्या येत होत्या, माणसं पुलावर चढत होती, आणि पुढची माणसं निघत नव्हती कारण बाहेर छप्पर नव्हतं. 'फूल पडलं' हे 'पूल पडला' असं ऐकू गेलं आणि घबराट झाली, असंही तेव्हा बातम्यांत आलं होतं. चालण्याच्या पट्टीने बघितलं तर उत्तर एकच : पुलाची रुंदी कमी. खरंच कमी होती. पण जिन्याच्या तळाशी, रस्त्याच्या कडेला, शंभर-दोनशे माणसांना पाऊस ओसरेपर्यंत उभं राहता येईल अशी आच्छादलेली जागा असती, तर ती माणसं पुलावर उभी राहिली असती का? हा प्रश्न कुठल्याही लेव्हल ऑफ सर्व्हिसच्या तक्त्यातून निघत नाही. प्रवाह चालू ठेवायचा तर प्रवाहाच्या बाहेर थांबायला जागा लागते. माझ्या कोडमधलं 'अडथळा' हे लेबल नेमकी हीच गोष्ट पुसून टाकत होतं.

गंमत म्हणजे, आणि इथे मला फ्रुइनची बाजू घ्यावी लागते, हे त्यांना स्वतःला कळलं होतं. १९९३ मध्ये गर्दीतल्या दुर्घटनांवर त्यांनी एक निबंध लिहिला. चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते, हे त्यात आहेच. पण दुर्घटनांची कारणं ते चार शब्दांत मांडतात : जोर, माहिती, जागा, वेळ. चारातली फक्त एक जागा आहे. एल्फिन्स्टनला माहिती होती ती चुकीची; वेळ अशी की लागोपाठ गाड्या आणि वरून पाऊस. १९७१ ची पट्टी मात्र सॉफ्टवेअरमध्ये शिरली, निविदांमध्ये शिरली, माझ्यासारखीच्या कोडमध्ये शिरली. १९९३ चा निबंध वाचायचा राहून गेला. माझाही राहिला होता. एखाद्या पद्धतीचं मूळ पुस्तक वाचा असं सगळेच सांगतात, मी म्हणेन त्या लेखकाने वीस वर्षांनी काय लिहिलं तेही बघा.

१५० मीटरबद्दल थोडं, कारण तोही डेटाच आहे, फक्त तसा दिसत नाही. हे अंतर २०१७ मध्ये जन्मलेलं नाही. महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घातलेल्या अटींमध्ये ते आहे. आता जीआयएस उघडा आणि स्टेशनभोवती १५० मीटरचा बफर काढून बघा. पाच मिनिटांचं काम. पण कशाभोवती? फलाटाच्या मध्यबिंदूभोवती, की हद्दीच्या भिंतीभोवती? आपला फलाटच अडीचशे मीटरच्या वर लांब असतो, त्यामुळे या एका निवडीने कित्येक गल्ल्या आत किंवा बाहेर जातात. शिवाय बफर सरळ रेषेत मोजतो. रुळांच्या पलीकडची गल्ली नकाशात साठ मीटरवर असते आणि पायांना पूल चढून-उतरून पाचशे मीटरवर. म्हणजे स्टेशनातून बाहेर पडणारं कुणी जिथून जातच नाही, तिथला फेरीवालाही वर्तुळात सापडतो.

दुसरीकडे २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात 'नैसर्गिक बाजार' अशी संज्ञा आहे : जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत ती जागा. पाहणीत असा बाजार आढळला तर त्याला विक्रीबंद क्षेत्र ठरवता येणार नाही आणि निव्वळ गर्दी हे त्याचं कारण होऊ शकत नाही, असं कायद्याची पहिली अनुसूची सांगते. कायद्याने पाच वर्षांतून किमान एकदा पाहणी करायला सांगितली आहे. एका बाजूला मोजायला लावणारा कायदा, दुसऱ्या बाजूला न मोजता आखलेलं वर्तुळ. यातल्या कोर्टकज्ज्यावर बोलायचा माझा अधिकार नाही. पण पाहणी कधी करायची, हा शुद्ध सँपलिंगचा प्रश्न आहे आणि तो आपला आहे. दादरचा फुलबाजार पहाटेचा. सकाळी अकराला पाहणीचा माणूस फॉर्म घेऊन गेला तर त्याला देठं आणि पाणी दिसेल.

गैरसमज नको म्हणून सांगते : जिन्यावर आणि पुलावर कुणी दुकान मांडू नये, या मताची मी आहे. तिथे फ्रुइनची पट्टी लावा, कडक लावा. माझा आक्षेप ती पट्टी जिन्याची शेवटची पायरी उतरून रस्त्यावर चालत येते, त्याला आहे.

'मग नवा डेटा घ्या ना' असं काही जण म्हणतात. घ्यावा, पण त्याच्या कडा बघून घ्यावा. तिकिटांचा डेटा : आपल्या लोकलला मेट्रोसारखी फाटकं नाहीत, पासवाल्यांच्या फेऱ्या गृहीत धरून मोजल्या जातात आणि दादरला पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जाणारा माणूस दादरच्या तिकीटविक्रीत दिसतच नाही. जिन्यावर मात्र तो पुरेपूर असतो. वायफायचा डेटा : लंडनच्या वाहतूक संस्थेने २०१६ च्या अखेरीला ५४ स्टेशनांत चार आठवडे वायफायवरून प्रवाशांच्या वाटा शोधल्या, तेव्हा किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जायला लोक १८ वेगवेगळे मार्ग घेतात असं दिसलं. सुंदर काम आहे. पण तेही वाटांचंच, मुक्कामाचं नाही, आणि ते स्टेशनच्या दारात संपतं. आपल्याकडे ती दाराची रेघ जास्तच जाड आहे : फलाट आणि पूल रेल्वेचे, रस्ता महापालिकेचा, स्कायवॉक बांधला एमएमआरडीएने. प्रत्येकाचा डेटा आपापल्या कुंपणाशी थांबतो, आणि पावसात माणूस नेमका त्या कुंपणावर उभा असतो. स्कायवॉकचंच बघा ना. २००८ मध्ये वांद्र्याला पहिला झाला, पुढे तीन डझनांच्या आसपास झाले. काही चांगले चालतात, अनेकांवर शुकशुकाट, कारण स्टेशन ते अमुक नाका एवढाच प्रवास धरला तर मधलं केमिस्टचं दुकान, रिक्षाची रांग आणि वडापाव हे सगळं वीस फूट खाली राहतं.

माझ्या कोडमध्ये आता दोनाऐवजी पाच लेबलं आहेत : चालणारा, घेणारा, विकणारा, वाट पाहणारा, वाहन शोधणारा. ती कॅमेऱ्याला कळत नाहीत, म्हणून मी आणि एक ज्युनिअर मुलगी आळीपाळीने वही घेऊन उभ्या राहतो आणि नंतर वही आणि व्हिडिओ जुळवतो. दोघींच्या नोंदी किती जुळतात ते कॅपा काढून तपासतो. 'घेणारा' छान जुळतो. 'वाट पाहणारा' वाईट जुळतो, कारण माणूस कशाची वाट बघतोय हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

मागच्या जुलैत एक नोंद आली, ती अजून अडली आहे. जोराची सर आली. त्याच भाजीवालीने बांबूला निळं प्लास्टिक बांधलं होतं. त्याखाली सात-आठ जण येऊन उभे राहिले, कुणी काही घेतलं नाही, तिनेही कुणाला हटकलं नाही. उलट मेथीची टोपली मागे ओढून जागा केली. जिना त्या वेळी मोकळा वाहत होता. ज्युनिअरने त्या आठ जणांना 'वाट पाहणारा' दिलं आहे. भाजीवालीला काय द्यायचं, यावर आमचं एकमत झालेलं नाही. वहीत तिच्यापुढे सध्या दोघींचीही प्रश्नचिन्हं आहेत.